मदत हवी आहे: २१वा आठवडा, रुग्णालय सासरची सही मागतंय

माझी मावसबहीण, वय २६, गरोदरपणातच विधवा झाली. तिला गर्भपात करायचा आहे. निर्णय तिचाच आहे, त्यावर चर्चा नको. सोनोग्राफीनुसार २१वा आठवडा सुरू आहे.

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाने आधी सासऱ्यांची सही मागितली, मग ‘कोर्टाचा आदेश आणा’ म्हणाले. गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गरोदरपणात विधवा झालेल्यांना २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे. दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि सज्ञान स्त्रीची फक्त स्वतःची संमती पुरते. हे तिथे सांगितलं, तर ‘वरून लेखी आणा’ एवढंच उत्तर. नकार मात्र लेखी द्यायला तयार नाहीत! खासगीत विचारलं, तिथे २० आठवड्यांपुढच्या केसेस घेत नाहीत.

आधार, सोनोग्राफी रिपोर्ट, पतीचा मृत्यू दाखला जवळ आहे. सासरी कळता कामा नये. वकिलाचा खर्च झेपणार नाही, आणि वेळ तर अजिबात नाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांकडे थेट लेखी अर्ज दिला तर चालतं का, आणि त्यात नेमकं काय लिहावं? की सरळ सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागातच जावं? अलीकडे २० आठवड्यांनंतर कुणाचं काम कुठे झालंय?