नकाशा हातानं काढायचे जुने डंजन क्रॉलर, एवढी ओढ कशाची असते?

तेराव्या_गल्लीतला:
नमस्कार मंडळी, कोल्हापुरातलं कुणी असले डंजन क्रॉलर, म्हंजे भुयारात शिरून वाट शोधत, लढत, कोडी सोडवत जायचे कॉम्प्युटर गेम खेळतंय का ते आधी सांगा, कारण माझ्या आसपास ह्या विषयावर बोलायला एक माणूस गावंना झालाय. झालंय असं की सेलमध्ये लेजंड ऑफ ग्रिमरॉक घेतला, २०१२ चा गेम, फिनलंडच्या एका छोट्या टीमनं केलेला, माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही तरी चालतोय म्हणून घेतला, दुसरं काही कारण नव्हतं. चार कैद्यांना डोंगराच्या माथ्यावरनं आत ढकलून देतात आणि मग खाली खाली जात सुटायचं. एक पाऊल म्हंजे एक चौकट, वळायचं तर सरळ काटकोनात, तिरकं चालणं नाही. भिंती सगळ्या सारख्याच. आणि तरी मी रोज रात्री जेवण झालं की तिथंच जाऊन बसालोय.

एक सांगतो. एका बोळाच्या टोकाला काहीच नव्हतं, नुसती भिंत. मला पटंना, एवढा लांब बोळ उगीच कोण कशाला बांधंल. मशाल घेऊन एकेक दगड बघत आलो तर एक वीट जराशी वेगळी, इवलीशी, बाण नाही, चमक नाही, 'इथे दाबा' नाही. दाबली आणि सगळी भिंत खाली गेली. आत एक साधं चिलखत होतं, फार भारी पण नव्हतं, पण मी खुर्चीवरनं उठून उभाच राहिलो. असलं मला पन्नास-साठ जीबीच्या गेममध्ये कधी झालेलं नाही.

धाकटा भाऊ मोबाइलवर बीजीएमआय, तो गोळीबाराचा गेम, खेळतो, तो म्हणतो ह्यात आहे काय दादा, भिंत, भिंत, गोगलगाय, भिंत. त्याला नीट सांगायचंय आणि मला शब्द मिळंनात. तर ओढ नेमकी कशाची आहे हे जुन्या लोकांनी सांगा. आणि ह्यात ओल्ड स्कूल मोड म्हणून आहे, त्यात ऑटोमॅप, म्हंजे गेम आपोआप काढत जातो तो नकाशा, बंद होतो, तसं खेळावं का? आणि हा संपल्यावर पुढं कुठला जुना गेम, डंजन मास्टर का थेट विझर्ड्री?

उद्यमनगर_लेथ:
भावा, विषय काढलास, लई बरं वाटलं. ऑटोमॅप बंद कर, आत्ताच्या आत्ता. आणि चौकटीची वही आण, शाळेतली पोरं गणिताला वापरतात ती, मोठ्या चौकटीची.

मी नव्वदीत शाहूपुरीत एका कॉम्प्युटर क्लासला जायचो, तिथं सरांच्या मशीनवर आय ऑफ द बिहोल्डर होता, १९९१ चा. क्लास सुटल्यावर सर आम्हाला बसू द्यायचे. त्या गेमला नकाशाच नाही. वॉटरडीप शहराच्या खालच्या गटारातनं सुरुवात, मागं दगड कोसळून वाट बंद, आणि मग तुमचं तुम्ही बघा. आम्ही तिघं, एकजण की दाबणार, एकजण वहीत काढणार आणि तिसरा 'आता डावीकडं, डावीकडंच हुतं ते दार' म्हणून भांडणार. आज मी दिवसभर जॉबची ड्रॉइंग वाचतो, पण कागदावर जागा डोळ्यापुढं उभी करायची सवय मला त्या वहीनं लावली हे मी कुणापुढं पण म्हणीन.

आता ओढ कशाची ते. नकाशा काढताना काय होतंय बघ. तू चालतोस, चौकट रंगवतोस, दाराला खूण करतोस, आणि थोड्या वेळानं कागदावर मध्येच एक रिकामी जागा राहते, तीन बाय तीनची. चारी बाजूंनी बोळ गेलेत पण आत जायला वाट नाही. गेमनं तुला काही सांगितलेलं नाही. पण कागद सांगतोय की आत काहीतरी आहे. मग तू परत जाऊन ती भिंत चाचपतोस. ही जी जाग येते नव्हं मेंदूला, ती ऑटोमॅपनं येत नाही, कारण ऑटोमॅप तुझ्या वतीनं लक्ष देतो. तुझी ती वीट पण तशीच सापडली, तू विचार केलास की बांधणाऱ्यानं एवढा बोळ कशाला बांधला. म्हंजे तू बांधणाऱ्याच्या डोक्यात शिरलास. हे सगळे गेम एका माणसानं रचायचं आणि दुसऱ्यानं उलगडायचं असले आहेत, मध्ये कितीही वर्षं जाऊ देत.

आणि रचणारे पण बेरकी. विझर्ड्री बघ, १९८१, ॲपल टू ह्या जुन्या कॉम्प्युटरवर, अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड ह्या दोघांनी केलेला. दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस. म्हंजे चारशे चौकटींचा एक कागद. त्यात काही चौकटी अशा की पाय ठेवला की तुला गर्रकन फिरवतात आणि कळू देत नाहीत. तुला वाटतं उत्तरेला चाललोय, चाललायस पूर्वेला, आणि वहीतला नकाशा स्वतःवरच चढायला लागतो. काही भागात पूर्ण अंधार, दिव्याचा मंत्र पण चालत नाही. त्यात भर म्हणून मजल्याच्या पूर्वेच्या कडेनं बाहेर पडलास की पश्चिमेच्या कडेनं आत येतोस. मग ड्युमापिक म्हणून मंत्र आहे, तो टाकला की तू जिन्यापासनं किती पूर्वेला, किती उत्तरेला आणि तोंड कुणीकडं ते सांगतो. तो आकडा बघून वहीत आपली चूक कुठनं सुरू झाली ते शोधायचं. मला तर लढाईपेक्षा हेच जास्त आवडतं.

पन्हाळा_पायी:
वरच्या दादांनी नकाशाचं बोललंच आहे, मी जागेचं बोलते. मी आर्किटेक्चरला आहे आणि मला ह्या गेममध्ये राक्षसांपेक्षा जिने, दारं, कोपरे हेच बघायला आवडतात. पन्हाळ्यावर अंधारबाव बघितली असशील ना, तीन मजली, तळाला पाणी आणि मधल्या मजल्यावरनं बाहेर निघायची चोरवाट. वरनं बघताना काळ्या दगडाची साधी इमारत वाटते, उतरायला लागलं की प्रत्येक वळणाला कळतं की हे कुणीतरी विचार करून केलंय, शत्रू कुठनं येईल, आपण कुठनं निसटू. चांगला डंजन क्रॉलर मला तसाच वाटतो. जागाच तुमच्याशी बोलत असते.

म्हणून डंजन मास्टर खेळच, १९८७, एफटीएल गेम्सचा, पहिल्यांदा अटारी एसटी ह्या कॉम्प्युटरवर आला. त्याच्या आधी बहुतेक गेममध्ये आळीपाळीनं चाली व्हायच्या आणि लढाई वेगळ्या पडद्यावर. ह्यात सगळं त्याच क्षणी चालू, तू विचार करत बसलास तरी पलीकडचा चालतच असतो. सुरुवातीला चोवीस वीरांची चित्रं भिंतीवर लावलेली, त्यातनं चार निवडायचे. वजन, भूक, तहान, मशाल विझत जाणं, सगळं आहे. दार खाली पाडून त्याच्याखाली राक्षस चेंगरता येतो. फरशीतली कळ दाबून धरायला वर सफरचंद ठेवलं तरी चालतं, वस्तूला वस्तूसारखं वागवलंय. आणि मंत्र! ते खुणांचे असतात, एकापुढं एक लावायच्या. आधी जोर ठरवणारी एक खूण, तिच्यापुढं 'फुल' लावलं की उजेड, 'फुल इर' लावलं की आगीचा गोळा. मजा ही की मंत्राचा कागद सापडायलाच पाहिजे असं नाही. तुला खुणा माहीत असल्या आणि वीराची तयारी असली की मंत्र चालतो. ज्ञान खेळणाऱ्याचं, पात्राचं नाही. भावाला हे सांग, की ह्यात लेव्हल तुझी वाढते.

वही नको असेल तर एट्रियन ओडिसी आहे, ॲटलसचा, २००७ साली निन्टेन्डो डीएस ह्या हातात धरायच्या दोन स्क्रीनच्या गेम मशीनवर आला. खालच्या टच स्क्रीनवर पेननं नकाशा आपणच काढायचा, भिंती, दारं, खुणा सगळं. ह्या मालिकेतल्या पहिल्या तिन्ही गेमची नवी आवृत्ती २०२३ मध्ये पीसी आणि निन्टेन्डोच्याच स्विच मशीनवर आली आहे. माझा सगळ्यात लाडका.

जुना_बुधवार:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ह्या गेमांवर माझंही प्रेम आहे पण सगळा त्रास गोड मानायचा हे मला पटत नाही. चौकटी आणि काटकोन हे कुणी कला म्हणून निवडलेलं नव्हतं, ॲपल टू ची मेमरी किलोबाइटमध्ये, त्यात जेवढं बसलं तेवढं बसवलं. आणि विझर्ड्रीत मेलेल्याला जिवंत करायला देवळात पैसे भरायचे, तो प्रयत्न फसला की राख, राखेचा प्रयत्न फसला की माणूस कायमचा गेला, आणि हे लगेच डिस्कवर लिहिलं जायचं. त्यात खेळणाऱ्याचं कौशल्य काय? नुसता फासा. नवीन पोराला थेट तिथं ढकललं तर तो दोन रात्रीत पळून जाईल आणि परत ह्या वाटेला येणार नाही.

मला विचारशील तर अल्टिमा अंडरवर्ल्ड. १९९२ चा, ब्लू स्काय प्रॉडक्शन्स. चौकटी गेल्या, मोकळं चालता येतं, वर बघता येतं, उडी मारता येते, पाण्यात पोहता येतं. ऑटोमॅप आहे आणि त्या नकाशावर आपल्या हातानं टिपा लिहिता येतात. म्हणजे वहीची मजा पण आहे आणि सारखं मोजत बसणं नाही. शिवाय खाली राहणाऱ्यांशी बोलता येतं, सगळ्यांना कापतच सुटायचं असं नाही. ह्यापुढं भिंत-भिंत-भिंत करणं मला तरी जमत नाही.

उद्यमनगर_लेथ:
जुना बुधवार, तुमचं मेमरीचं बरोबर आहे, पण मग २०१२ ला ग्रिमरॉक चौकटीत का आला? मेमरी तर ढिगानं होती. कारण चौकटीमुळं तुला जग मोजता येतं. एक पाऊल म्हंजे नेमकं एक पाऊल, राक्षस दोन चौकटी लांब म्हंजे नेमका दोन. त्यामुळं दोन बाय दोनच्या जागेत गोल फिरत लढता येतं, बाजूला सरक, वळ, मार, सरक. मोकळ्या जागेत तो हिशोब राहत नाही.

आणि मरणाचं. फासा आहे हे कबूल. पण फासा टाकायची वेळ येऊ द्यायची का नाही हे तुझ्या हातात असतंय. विझर्ड्रीतला खरा प्रश्न दर मिनिटाला एकच, अजून पुढं जायचं का मागं फिरायचं? बरं करायचे मंत्र मोजकेच, लेव्हल वाढायची ती पण वर गावातल्या सराईत झोपल्यावरच. म्हंजे खाली कितीही कमावलंस तरी वर जिवंत आल्याशिवाय तुझं नाही. पुजाऱ्याकडं एकच मंत्र उरलाय आणि समोर न उघडलेलं दार आहे, अशा वेळी हात कीबोर्डवर थांबतो. आताच्या गेममध्ये दर दाराआधी सेव्ह, त्यामुळं दाराची भीतीच संपली. आणि समजा तुझ्या टोळीतली सगळी सहा माणसं मेली तरी खेळ संपत नाही, त्यांची प्रेतं तिथंच पडून राहतात. तू गावात नवीन सहा जण तयार करायचे, त्यांना थोडं मोठं करायचं आणि खाली जाऊन जुन्यांना उचलून आणायचं. स्वतःच काढलेल्या नकाशावर, ज्या चौकटीवर ती पडलीत तिथवर. हे जेव्हा जमतं तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कुठल्याच गेमनं दिलेलं नाही, नाद खुळा.

जुना_बुधवार:
प्रेतं आणायला जाणं हे भारी आहे हे मान्य, तिथं वाद नाही. पण पोराला आधी मूळ १९८१ चा नको. २०२४ ला डिजिटल एक्लिप्स ह्या कंपनीनं विझर्ड्रीचं नवीन रूप आणलंय, आत मूळ गेमच चालतो आणि पाहिजे तर कोपऱ्यात जुना ॲपलचा पडदा पण दिसतो. ऑटोमॅप, सोयी सगळ्या चालू-बंद करता येतात. तिथनं सुरू केलं तर मी पण पाठिंबा देतो.

तेराव्या_गल्लीतला:
बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासनं आभार सगळ्यांचे. 'लेव्हल तुझी वाढते' हे भावाला सांगितलं, तो काही बोलला नाही पण काल रात्री शेजारी येऊन बसला आणि एका कोड्यात दगड कुठल्या कळेवर ठेवायचा ते त्यानंच ओळखलं. आता वही त्याच्याकडं दिलीय, अक्षर त्याचं चांगलं आहे. ग्रिमरॉक परत पहिल्यापासनं, ओल्ड स्कूल मोडमध्ये सुरू केलाय. आधीचं खेळलेलं वाया गेलं असं अजिबात वाटंना. पुढं डंजन मास्टर आणि मग नवीन रूपातला विझर्ड्री असं ठरवालोय. फक्त एक सांगा, विझर्ड्रीचा कागद कुठनं सुरू करायचा? ग्रिमरॉकमध्ये मी मधोमध सुरू केलं तर खाली जागा पुरंना.

उद्यमनगर_लेथ:
विझर्ड्रीत सोपं आहे. पहिल्या मजल्याचा जिना म्हंजे शून्य पूर्व, शून्य उत्तर. ती चौकट कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात धर आणि तोंड वर. वीस बाय वीस आधीच आखून घे, त्याच्या बाहेर काही जात नाही. गेलंच तर ते पलीकडच्या कडेनं आत आलंय असं समज. दार, गुपित दार, खड्डा आणि फिरवणारी चौकट ह्यांच्या खुणा पहिल्या पानावर लिहून ठेवा म्हंजे तुझी खूण भावाला कळंल. आणि पेन्सिलनंच, पेन नको. पहिल्या मजल्यावरच मर्फीचं भूत सापडंल, मार कमी देतंय आणि अनुभवाचे गुण भरपूर, माणसं तयार करायला तिथं खुशाल चकरा मारा, दुसऱ्या मजल्याची घाई करू नका.

पन्हाळा_पायी:
आणि पहिला मजला पूर्ण झाला की वहीच्या पानाचा फोटो इथे टाकच, गुपित दारांसकट. मी माझा जुळवून बघते.