हेंडरसन फील्ड नक्की कोणी बांधलं? तातडीने मदत हवी

निळासमुद्र:
दिवाळी अंकाचा लेख उद्या द्यायचाय आणि एका वाक्यावर अडकलोय. संपादक म्हणतात, दुसऱ्या महायुद्धातला हेंडरसन फील्ड हा विमानतळ जपान्यांनी बांधला. माझ्याकडच्या नकाशावर अमेरिकन लिहिलंय. खरं काय ते थोडक्यात सांगा.

वाटसरू:
कुठलं हेंडरसन? त्या नावाचा तळ प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरही आहे. आणि नकाशा कुठल्या सालचा?

घारीचे_पंख:
मिडवेच असणार. ज्यांचं नाव दिलंय ते अमेरिकन वैमानिक मेजर लॉफ्टन हेंडरसन तिथेच ४ जून १९४२ ला जपानी विमानवाहू नौकांवर चालून जाताना मारले गेले. तो तळ पूर्णपणे अमेरिकनांचा. संपादकांना सांगा.

निळासमुद्र:
अहो, ग्वाडलकॅनाल! सॉलोमन बेटं! लेख त्यावरच आहे.

रानवाट:
मग दोघांचंही थोडं थोडं खरं. १९४२ च्या उन्हाळ्यात लुंगा टोकापाशी जपान्यांनी काम काढलं. ७ ऑगस्टला अमेरिकन मरीन सैनिक उतरले, दुसऱ्याच दिवशी अपुरी धावपट्टी त्यांच्या हाती आली. जपान्यांनी टाकून दिलेले रोलर आणि ट्रक वापरूनच त्यांनी ती पुरी केली, नाव हेंडरसनांचं दिलं. आणि ‘जपान्यांनी’ लिहिताना कोरियन मजुरांना वगळू नका. जंगल तोडणाऱ्यांत तेही होते, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

घारीचे_पंख:
पुरी कसली? पाऊस पडला की नुसता चिखल. १३ ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांनी ९०० च्या वर गोळे डागले, बहुतेक विमानं निकामी झाली. रोज खड्डे बुजवून तळ चालू ठेवला तो सीबीजनी, म्हणजे नौदलाच्या बांधकाम पथकांनी. श्रेय त्यांनाच.

रानवाट:
ते सप्टेंबरमध्ये आले. प्रश्न बांधण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही.

भटका_जीव:
आता तिथेच सॉलोमन बेटांची राजधानी होनियाराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. ब्रिस्बेनहून थेट विमान मिळतं. जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

निळासमुद्र:
जायचं नाहीये, लिहायचंय. ‘जपान्यांनी सुरू केलं, अमेरिकनांनी पुरं केलं’ असं करतो, मजुरांवरही एक ओळ घालतो. पहिलं विमान कधी उतरलं, १२ की २० ऑगस्ट? दोन्ही तारखा सापडतात.

रानवाट:
१२ ला अमेरिकन नौदलाचं कॅटालिना हे गस्ती विमान उतरलं, परतताना जखमींना घेऊन गेलं. २० ला वाइल्डकॅट ही लढाऊ आणि डॉन्टलेस ही बॉम्बफेकी विमानं आली, ती तिथे राहून लढायला. लेखात दोन्ही द्या, पण वेगवेगळी.