आइसलंडचे एफ-रस्ते आणि वाटेतल्या नद्या

लँडमनालॉइगारला (आइसलंडच्या आतल्या डोंगराळ भागातलं गरम झऱ्यांचं ठिकाण) भाड्याची छोटी फोर-व्हील न्यावी का, असं इथे कुणीतरी विचारलंय आणि त्यावर ‘पुढच्या गाडीमागे जात राहा’ असा सल्ला आलाय. कृपया तसं करू नका. पुढची गाडी उंच असू शकते. तुमच्या इंजिनात पाणी शिरलं तर इंजिन तिथेच बंद पडतं, आणि नदीत झालेलं नुकसान भाड्याच्या गाडीच्या विम्यात सहसा धरत नाहीत.

आम्ही तिकडे एफ२०८ वर उत्तरेकडून गेलो. (एफ-रस्ते म्हणजे डोंगराळ भागातले कच्चे रस्ते, जिथे फोर-व्हीलच लागते.) रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा, स्टिअरिंग धरून हात बधिर झाले. शेवटी, लँडमनालॉइगारच्या तंबूतळाच्या अगदी अलीकडे, नदीचं पाणी आडवं येतं. काठावर उभं राहून दोन-चार गाड्या जाताना पाहिल्या. एकीच्या दिव्यांना पाणी लागलं, तेव्हा बायको म्हणाली, "राहू दे." गाडी अलीकडेच लावली आणि पादचारी पुलावरून चालत गेलो. अजूनही तोच निर्णय घेईन.

हिमनदीचं पाणी दुपारी वितळून वाढतं, म्हणून नदी सकाळी ओलांडावी. जिथे पात्र रुंद आणि पाणी खळाळतं, तिथे ते बहुधा उथळ असतं. गुळगुळीत, शांत दिसतं तिथे खोल. खालचा गिअर आधीच टाका, पाण्यात बदलू नका, किंचित प्रवाहाच्या दिशेने तिरके निघा.

आणि खड्डा चुकवायलासुद्धा चाक रस्त्याबाहेर घालू नका. तिथे तो गुन्हा आहे. चिरडलेलं शेवाळ भरून यायला कित्येक दशकं लागतात.

देशाच्या मधून आडव्या जाणाऱ्या एफ२६ या रस्त्याचा विचार असेल तर टाकी भरूनच निघा, २०० किमीहून जास्त पंप नाही.