शहर सोडून गावी: या जपानी चित्रकथांनी (मांगा) तुमचं काय केलं? (अनुभव धागा)

रातकिडा
मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, म्हटलं की आपल्याकडच्या गप्पा तलवारी, राक्षस आणि शेवटची लढाई यांच्यापुढे जात नाहीत. मागे कोणीतरी 'लिटल फॉरेस्ट'चा विषय काढला होता, तो त्याच गदारोळात वाहून गेला. म्हणून हा वेगळा धागा. शहर सोडून गावी गेलेल्या माणसांच्या जपानी मांगा वाचताना तुम्हाला तुमचं काय आठवलं, काय पटलं, कशाचा राग आला, ते लिहा. परीक्षणं नकोत, ती कुठेही मिळतात.

सुरुवात मीच करतो. माझी नोकरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. पहाटे काम संपतं, झोप येत नाही. तेव्हा दाइसुके इगाराशीची 'लिटल फॉरेस्ट' हातात आली. २००२ ते २००५ या काळात 'आफ्टरनून' मासिकात आलेली, खंड दोनच. इचिको नावाची मुलगी शहरातून उत्तर जपानच्या तोहोकु भागातल्या कोमोरी नावाच्या वस्तीत परत येते. आई आधीच घर सोडून निघून गेलेली. ही एकटी भात लावते, लाकडं फोडते, रांधते. जवळपास प्रत्येक प्रकरणात एक पदार्थ. इगाराशीने स्वतः तोहोकुतल्याच इवातेमध्ये राहून शेती केली होती. बहुधा म्हणूनच कुदळ धरलेले हात चुकीचे वाटत नाहीत.

मला धरून ठेवलं ते एका साध्या पानाने. पावसाळी दमट हवेने घर ओलं झालंय, म्हणून इचिको भर उन्हाळ्यात लाकडाची शेगडी पेटवते. आणि पेटवलीच आहे, तर तिच्यावर पाव भाजून घेते. माझी आजी अगदी याच हिशोबाने निखाऱ्यात वांगं ढकलायची. इचिको माझ्यापेक्षा जास्त राबते, यात वाद नाही. पण तिचं काम संध्याकाळी बरणीत भरलेलं दिसतं. माझं दिसत नाही.

चुलीवरची
आम्ही दोघं मुंबई सोडून गुहागरकडे आलो. येण्याआधी ही मांगा वाचली होती आणि आल्यावर पुन्हा वाचली. दोन्ही वेळा वेगळं पुस्तक होतं, असं म्हणेन.

पहिल्या वेळी मी फक्त जेवण बघितलं. उस्टर सॉसचा प्रसंग आठवतोय का? इचिकोला लहानपणापासून वाटत असतं की हा सॉस म्हणजे आईचाच शोध, आणि मग तो दुकानात बाटलीत दिसतो! माझी आई 'आपल्या घरची खास' म्हणून एक चॉकलेटी वडी करायची. हॉस्टेलवर आल्यावर कळलं की ती कृती दूध पावडरीच्या डब्यावर छापलेली असते. आईला आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या वेळी माणसं दिसली. एकीने पाकातले चेस्टनट केले की सगळ्या वस्तीत त्याची साथ येते. प्रत्येक घराची पद्धत वेगळी, आणि जो तो दुसऱ्याचे चाखून मनातल्या मनात गुण देतोय. आमच्या वाडीत एकीने काजूच्या बोंडांचा जॅम केला. त्या मोसमात मला इतक्या बरण्या आल्या की मुंबईच्या पाहुण्यांना जबरदस्तीने द्याव्या लागल्या.

आणि ज्यांना 'असंच जगावं' वाटतंय त्यांच्यासाठी एकच शब्द: वानरं. केळी, पपई, शेवगा, त्यांनी ठेवलं ते आपलं.

सुट्टे_पैसे
मांगा वाचलेली नाही. यावरचा २०१८ चा कोरियन सिनेमा बघितला, किम ते-रीचा. रात्री अकरा वाजता उठून कणीक मळली. एवढाच अनुभव.

वऱ्हाडी_ठेचा
थोडा सूर बिघडवतो, माफ करा. यवतमाळकडे आमची कपाशी आहे, मी नागपुरात नोकरी करतो. शहरात दमलेली माणसं गावात येऊन टवटवीत होतात, हे चित्र बघितलं की मला राग येतो. गावातली दमलेली माणसं कुठं जायची बाप्पा?

तो राग एका मांगामुळे थोडा उतरला: हिरोमु अराकावाची 'सिल्व्हर स्पून'. २०११ ते २०१९. अराकावाबाई होक्काइदोच्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या घरच्या, शेतीच्या शाळेतच शिकलेल्या. त्यांचा हाचिकेन हा साप्पोरोचा अभ्यासू पोरगा, स्पर्धेला कंटाळून शेती शाळेत येतो. कोंबडीचं अंडं नेमकं कुठून येतं हे कळल्यावर त्याला ते खाववत नाही. मी खूप हसलो. नंतर तो एका डुकराच्या पिल्लाचा लळा लावून घेतो, त्याला नाव देतो, आणि शेवटी त्याचंच मांस विकत घेऊन बेकन करतो. लेखिका यात कुठेच डोळे मिटत नाही आणि गळाही काढत नाही.

पण मी थांबलो ते हाचिकेनच्या वर्गातल्या कोमाबावर. बेसबॉलमध्ये नाव काढणारं पोरगं, आणि घरचा गोठा कर्जात बुडतो. गाई जातात. तो शाळा सोडून कामाला लागतो. आमच्या घरी बैलजोडी विकली तेव्हा बाबा दिवसभर घरात आले नव्हते. याबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. ती पानं मी धाकट्या भावाला फोनवर पाठवली. त्याने फक्त "हो" लिहिलं. आमच्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

चुलीवरची
@वऱ्हाडी_ठेचा, सूर बिघडला नाही. माझ्या 'वानरां'पेक्षा तुमचं म्हणणं खरं आहे. आम्ही शहरात कमावलेल्या पैशाच्या उशीवर इथे आलो. इचिकोकडे ती उशी नव्हती.

बोरू
मी सुलेखन शिकते. आमच्या एका परीक्षकांनी माझ्या कामाला सगळ्यांसमोर 'पुस्तकी' म्हटलं. त्या आठवड्यात मैत्रिणीने 'बाराकामोन' दिली. सात्सुकी योशिनोची. त्यातल्या सुलेखनकार हांदाला प्रदर्शनगृहाचा वयस्कर संचालक हेच ऐकवतो, आणि हांदा सरळ त्याला ठोसा मारतो! वडील त्याला गोतो बेटांवर पाठवून देतात. (मी कोणाला मारलं नाही. मिरजेजवळ आजोळी गेले.)

तिथे घरात पोरांचा राबता. हांदाच्या घरालाही नारू ही बेटावरची चिमुरडी आणि कंपनीने आपला अड्डा केलेला असतो, त्यामुळे ते ओळखीचंच वाटलं. मला सगळ्यात आवडतो मोचीचा (चिकट तांदळाच्या गोळ्यांचा) प्रसंग. वरून मोची फेकतात, सगळे वर बघून झेलायला धडपडतात, हांदाला एकही मिळत नाही. एक म्हातारी त्याला सांगते की वर बघू नकोस, खाली पडलेल्या वेच. कोणी पुढे घुसलं तर त्याला म्हण, आधी तुम्ही घ्या, आणि आपण आणखी मोठीवर डोळा ठेव.

माझं अक्षर सुधारलं का? नाही. अजून पुस्तकीच आहे. पण त्या परीक्षकांचा चेहरा आता स्वप्नात येत नाही.

पूर्वेचा_वारा
मी तोक्योत, निशी-कासाईला राहतो. इथून एक भर. २०२३ च्या सरकारी पाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी आहेत. शहरातल्यांनी गावी यावं म्हणून २००९ पासून सरकारची एक योजना आहे: जास्तीत जास्त तीन वर्षं पगार घ्या, गावात राहून काम करा, जमलं तर तिथेच स्थायिक व्हा. म्हणजे या मांगांमागे खरी, रिकामी होत चाललेली गावं आहेत.

ऑफिसातल्या एकाने असं घर घेतलं, मी बघून आलो. घर स्वस्त, छप्पर महाग. वस्तीत गवत कापायचं आणि पाट साफ करायचा ठरलेला दिवस असतो. त्या दिवशी आला नाहीत तर कोणी काही बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. शेजारच्या आजींनी त्याला विचारलेला पहिला प्रश्न म्हणे, "हिवाळ्यात राहणार का?" बाकी सगळ्या चौकशा नंतर.

आडवाट
सगळे गावी जाण्याबद्दल लिहिताहेत. मी परत निघण्याबद्दल लिहितो.

२०२० च्या टाळेबंदीत आजऱ्याजवळच्या घरी गेलो. लॅपटॉप माळ्यावर, कारण रेंज तिथेच. सकाळी भावाबरोबर शेतात, दुपारी मीटिंग. सगळे म्हणायचे, बघ, किती छान झालं. मलाही तसंच वाटायचं. त्याच काळात 'लिटल फॉरेस्ट' वाचली. युता हा इचिकोचा मित्र, शहरातून परतलेला. तो तिला तोंडावर सांगतो की तू एकटी राबतेस हे मोठंच आहे, पण खरं तर तू पळते आहेस. मी पुस्तक बंद करून ठेवलं. शहरात एक नातं अर्धवट टाकून आलो होतो, आणि भात लावणं हे त्याचं उत्तर नव्हतं.

इचिको शेवटी कोमोरी सोडते. शहरात राहून, नीट ठरवून मग परत येते. कित्येकांना तो शेवट घाईचा वाटतो. मला तोच सगळ्यात आधार देणारा भाग वाटतो, कारण तिच्या जाण्यावर कोणी रुसत नाही. ऑफिसने बोलावल्यावर मीही गेलो. जे बोलायचं होतं ते बोललो. नातं टिकलं नाही, पण आता ते अर्धवटही नाही.

परत जायचं मनात आहे. भावाला विचारलं, तर म्हणाला, "ये की. पण लावणीच्या आधी ये, मळणी झाल्यावर नको."