फोल्डिंगचं हँडल बदलणारे सगळे रिकामटेकडे का?

चंद्रकोर:
‘फोल्डिंग सायकल कोणती घेऊ’ या धाग्यावर काल सरळरेषा यांनी निकाल दिला: "कंपनीने दिलेलं हँडल बदलणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. हात दुखतात त्यांनी आधी पोट कमी करावं." तिथेच उत्तर दिलं असतं तर त्या बिचाऱ्या नव्या मुलाचा धागा भरकटला असता. हा भरकटला तरी चालेल.

कंपनीच्या इंजिनिअरांवर एवढी श्रद्धा असेल, तर ब्रॉम्प्टन या फोल्डिंग सायकलींच्या कंपनीने एकाच फ्रेमवर एम, एस, एच, पी अशी चार प्रकारची हँडलं कशाला काढली? एस सपाट आणि खाली, एम उंच, एच म्हणजे एमचंच हँडल आणखी उंच पोस्टवर (पोस्ट म्हणजे हँडल धरणारा उभा दांडा). बरं, 2017 मध्ये खुद्द एमचाही उंचवटा कमी करून पोस्ट वाढवली. म्हणजे तेही रिकामटेकडेच.

साध्या फोल्डिंगचं दुखणं निराळं. सीट हवी तेवढी वर जाते, पण पुष्कळ मॉडेलांत हँडलची पोस्ट ठरलेल्या उंचीचीच. मी पाच फूट दोन इंच, मला हँडल लांब पडतं. नवरा पाच अकरा, तो सीट वर घेतो आणि त्याच हँडलवर वाकून बसतो. शेवटी मी मागे वळलेलं हँडल बसवलं, जुन्या काळ्या सायकलींना असायचं तशा वळणाचं. मुठी अंगाकडे आल्या, मनगट मुडपायचं थांबलं. पोस्टचा क्लॅम्प, म्हणजे हँडल आवळून धरणारी पकड, 25.4 मिमीचा होता म्हणून जमलं. हल्लीची एमटीबीची (माउंटन बाइकची) हँडलं बरीचशी 31.8 ची असतात, ती बसणार नाहीत.

सरळरेषा:
नाव घेऊन बोलावलंत, आलो. पोटाचं वाक्य सरसकट होतं, ज्यांना लागलं त्यांना लागलं.

माझ्याकडे ‘हात दुखतात’ म्हणून आणलेल्या बहुतेक सायकलींच्या सीटचं नाक खाली झुकलेलं असतं. माणूस पुढे घसरतो आणि मग हातांनी स्वतःला मागे रेटत बसतो. सीट सपाट करा, थोडी मागे घ्या. ब्रेकचे लिव्हर खाली फिरवा, म्हणजे बोटं टेकवताना मनगट वर उचललं जात नाही. एक ॲलन की (षटकोनी पाना), खर्च शून्य. पण शून्य खर्चाच्या उपायात मजा नाही ना! पार्सल आलं पाहिजे, फोटो टाकता आला पाहिजे.

आणि मागे वळलेल्या हँडलवर ताठ बसलात की हातांवरचा भार कुठे जातो? कण्यावर. 20 इंची चाक मोठ्या चाकापेक्षा खड्ड्यात जास्त उतरतं. पावसाळ्यानंतर सिंहगड रस्त्यावर भेटू.

चंद्रकोर:
हँडल लांब पडतंय म्हणतेय मी, आणि तुम्ही सांगता सीट मागे घ्या. वाचलंत तरी का?

पाना_दहाचा:
लिव्हरचं मात्र सरळरेषा बरोबर बोलले (लिहिताना बोटं जड झाली). पण उंच हँडल बसवणाऱ्यांनी केबलचं बघा. मी एका दुकानात उंच हँडल लावून घेतलं, त्या महाशयांनी जुन्याच केबली ताणून बसवल्या. डावीकडे पूर्ण वळलं की मागचा ब्रेक आपोआप लागायचा. घडी घालताना आउटर (तारेवरची नळी) मोडल्यासारखी मुडपायची. "चालतंय की साहेब" म्हणाले. आतली तार आणि आउटर दोन्ही लांब घ्यावी लागतात, आणि माप घडी घालून घ्यायचं, उभ्या सायकलवर नाही.

फिजिओताई:
कुठे मुंग्या येतात ते आधी बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेला अल्नर नस दाबली जातेय. तिथे पसरट ग्रिपचा उपयोग होतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मीडियन नस, म्हणजे मनगट फार वाकतंय. एकाच ‘हात दुखतो’वर दोघेही भांडताय. सायकल बाजूला ठेवूनही बधिरपणा टिकत असेल तर डॉक्टरांना दाखवा, धागे काढू नका.

कळवा_फास्ट:
सगळं खरं, पण घडी मिटते का? मी पसरट ग्रिप आणि हँडलच्या टोकाला शिंगं (धरायच्या जादा दांड्या) लावली होती. ब्रॉम्प्टनचं हँडल खाली पडून पुढच्या चाकाला लागून बसतं, तिथे इंचभर जादा झालं तरी अडतं. शिंग जमिनीला टेकायचं, क्लिप लागायची नाही. लोकलच्या लगेजच्या डब्यात हँडल सुटून एका मासेवाल्या मावशींच्या टोपलीवर आपटलं. त्यांनी जे ऐकवलं ते इथे संपादक ठेवणार नाहीत.

डबा_नंबर_दोन:
मावशींचं काय चुकलं? लगेजचा डबा पोटापाण्यासाठी माल नेणाऱ्यांचा आहे. डबेवाले, भाजीवाले, कोळणी. तिथे लाखाची सायकल घेऊन फिटनेसवाले घुसतात आणि वर जागा मिळत नाही म्हणून कुरकुर करतात.

कळवा_फास्ट:
मी कुरकुर केली कुठे? आणि फिटनेस नाही हो, स्टेशन ते ऑफिस रिक्षा मिळत नाही म्हणून सायकल. सेकंड हँड आहे, हप्ते फेडतोय. सामान घेऊन साध्या डब्यात चढलो तर लोक मारतील, लगेजमध्ये चढलो तर तुम्ही.

टेम्सकाठचा_जोशी:
इकडे लंडनच्या ट्यूबमध्ये (मेट्रोत) घडीची सायकल गर्दीच्या वेळीही नेता येते. न मिटणारीला मात्र बंधनं आहेत. नियम स्पष्ट असले की…

डबा_नंबर_दोन:
आलं लंडन! ट्यूबमध्ये सकाळी आठला डोंबिवली चढते का? तेवढं सांगा आणि मग नियम शिकवा.

टेम्सकाठचा_जोशी:
मी स्वतः डोंबिवलीचाच आहे. कॉलेजची सगळी वर्षं दारात लटकून काढली. माहिती दिली तरी ‘आलं लंडन’. चालू द्या.

अर्धी_घडी:
लोकलवाल्यांनो, आपला वेगळा धागा काढा. मला खरंच विचारायचंय, डहॉन कंपनीच्या फोल्डिंगवर हँडल पोस्टसकट आत, दोन चाकांच्या मधे मिटतं. तिथे मागे वळलेलं बसेल का?

चंद्रकोर:
माझीही आतच मिटणारी आहे. बसतं, पण मिटताना हँडल थोडं फिरवावं लागतं, नाहीतर मूठ स्पोकला घासते. क्लॅम्पला क्विक रिलीज (पान्याशिवाय सैल करायचा खटका) असेल तर सोपं. आणखी एक, खरेदीआधी तपासा: वळण जास्त असेल तर अगदी तीव्र वळताना मूठ गुडघ्याला लागते. मी वळण कमी असलेलं घेतलं ते त्यासाठीच.

कळवा_फास्ट:
वेगळा धागा कशाला? घडी मिटली नाही तर ती फोल्डिंग कसली? मूळ प्रश्न हाच आहे.

डबा_नंबर_दोन:
मूळ प्रश्न तुमचा कधीच नव्हता. तुम्हाला फक्त सहानुभूती हवी होती.

कळवा_फास्ट:
आणि तुम्हाला कोळणींचा वकील व्हायचंय. त्यांनी नेमलंय का? फर्स्ट क्लासच्या पासवर समाजवाद सोपा असतो.

संपादक:
वैयक्तिक शेरे थांबवा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. लोकलबद्दल इथे आणखी नको.

सरळरेषा:
चंद्रकोर, बुटक्या माणसाला सीट मागे घेणं सोयीचं नाही, हे मान्य. तुमच्या बाबतीत हँडल बदललंत ते चाललं. तुमच्या बाबतीत. बाकीच्यांनी आधी सीटचं नाक बघा. आणि अरुंद हँडल घेऊ नका. छोटं चाक आधीच चटकन वळतं, त्यात हँडल आखूड म्हणजे खड्डा चुकवताना थेट रिक्षाखाली.

चंद्रकोर:
‘बुटक्या’बद्दल आभार. केवढं मोठं मन! नवऱ्याच्या सीटचं नाक पाहिलं, खाली होतं. सपाट केलं. तो म्हणतो जरा बरं वाटतंय. एवढ्यावर खूश व्हा.

फिजिओताई:
तरी करंगळीचं कुणीच सांगितलं नाही.

अर्धी_घडी:
चंद्रकोर, कंपनीचं जुनं सरळ हँडल देणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुण्यात येऊन घेऊन जाईन.