मदत हवी आहे: कोकण किनारा, एसटी, तर (खाडी ओलांडणारी फेरीबोट) आणि पाठीवर सॅक. किती ठरवू, किती सोडून देऊ?

वऱ्हाडची चिमणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी अकोल्याची. वय ४४, नोकरी बँकेत. रजा साठून साठून वाया जायची वेळ आली तेव्हा साहेबच म्हणाले, जा बाई कुठेतरी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एकवीस दिवस मोकळी आहे आणि एकटीच निघणार आहे. मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत कोकण किनारा, एसटीने आणि तरीने, जिथे गाडी नाही तिथे पायी. जमलं तर आधीचं एकही बुकिंग नको.

बुकिंग का नको, ते सांगते. चार वर्षांपूर्वी सासर-माहेरची मिळून चौदा माणसं टेम्पो ट्रॅव्हलरने गेलो होतो. तीन दिवसांत अकरा ठिकाणं. त्यातलं हर्णै अजून डोळ्यांसमोर आहे. संध्याकाळची वेळ, मोठ्या बोटी आत उभ्या, लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी वाळूवर येत होती. ओल्या वाळूतच वाटे लावलेले, भोवती माणसांचं कडं, आणि आकडे इतक्या हळू आवाजात चाललेले की बोली कोणी लावली आणि सुटली कोणाला, काही कळेना. एका कोळणीने टोपली उचलता उचलता शेजारणीला नुसती भुवई उडवली, आणि मला वाटलं, हे सगळं त्या भुवईतच ठरलं असणार. आणखी तासभर उभी राहिले असते तर कदाचित उलगडलं असतं. पण मागून हॉर्न. "वहिनी, चला, मुरुडला जेवण सांगितलंय!" एकटीने जायचं खूळ तेव्हापासून डोक्यात आहे.

मागच्या वर्षी तीन दिवसांची चाचणी करून पाहिली. एका समुद्रकाठच्या गावात (नाव नको) संध्याकाळी साडेसहाला उतरले आणि लागोपाठ तीन ठिकाणी नकार. एकाने तोंडावर सांगितलं, "एकट्या बाईला देत नाही." दुसऱ्याच्या दारावर पाटी होती "खोल्या मिळतील", त्याने मला पाहून पाटीकडे पाहिलं आणि म्हणाला, फुल्ल आहे. तिसऱ्याने नवऱ्याचा नंबर मागितला. बँकेत मी लोकांना कर्ज द्यायचं की नाही ते ठरवते हो! शेवटी एका घरातल्या आजींनी आधी "जेवलीस का?" विचारलं आणि मग माजघरात गादी घातली. झोप उत्तम लागली, पण दर संध्याकाळी अशी आजी भेटेल या भरवशावर एकवीस दिवस कसे काढायचे?

मनातला रस्ता साधारण असा: मांडवा, अलिबाग, मुरुड-जंजिरा, आगरदांड्याहून तरीने दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून तरीने वेसवी, मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, तरीने धोपावे, गुहागर, तवसाळहून तरीने जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, आणि खाली विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, शिरोडा. कुठे किती दिवस, ते तिथे गेल्यावर.

अडलंय ते असं. रोज संध्याकाळी खोली मिळवायची काही रीत आहे का? परतीचं तिकीट आत्ता काढू की नको? तंबू घेतला तर किनाऱ्यावर लावू देतात का? आणि एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास परवडेल का?

"एकटी जाऊ नकोस" हे आई, नणंद आणि शेजारच्या काकू यांनी सांगून झालेलं आहे. ते सोडून बोला.

पोफळीची बाग

ताई, मी गुहागर तालुक्यातला. आमची पोफळीची वाडी आहे आणि तिच्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत, म्हणजे पलीकडच्या बाजूने बोलतोय.

नकाराचं समर्थन करत नाही, कारण सांगतो. एकटा पाहुणा, मग बाई असो की पुरुष, काही बरंवाईट झालं तर पोलिसांच्या फेऱ्या आपल्यामागे लागतील ही भीती गावोगाव आहे. एकट्या पुरुषालाही पुष्कळ ठिकाणी हेच ऐकावं लागतं. पाटीकडे बघून फुल्ल सांगणाऱ्याची मात्र लाज वाटली.

खरी चूक साडेसहाची आहे. अंधार पडताना अनोळखी माणूस दारात आला की घरातले आधी बिचकतात. दुपारी दोन-तीनला या, सॅक खाली ठेवा, पाणी मागा, आधार कार्ड मागायच्या आत पुढे करा. आणि तुमच्या आजींनी जे विचारलं तेच तुम्ही उलट विचारा: "जेवण मिळेल का?" खोली मागणारा गिऱ्हाईक असतो. जेवण मागणाऱ्याला आधी बसायला सांगतात आणि बसल्यावर बोलणं निघतं.

दुसरं, पुढच्या गावची सोय आदल्या गावातून करा. सकाळी निघताना घरमालकिणीला विचारा, पुढे कोणी ओळखीचं आहे का. कोकणात प्रत्येकाचा कोणी ना कोणी पुढच्या खाडीपलीकडे असतोच: मावसभाऊ, वहिनीचं माहेर, नाहीतर मुंबईला एका चाळीत राहिलेला. तिने फोन केला की तुम्ही "एकटी बाई" उरत नाही, "आपल्या सुमनने पाठवलेली" होता. दिवस तुमचा मोकळाच राहतो, फक्त रात्र सकाळी ठरते.

आणि जेवण सांगावंच लागतं. तुमच्या ड्रायव्हरला नावं ठेवू नका. घरगुती खानावळीत माणसं मोजून नारळ खवतात, मासा त्या दिवशी मिळेल तेवढाच आणतात. न सांगता रात्री आठला टेकलात तर डाळ-भात मिळेल, तोही मेहरबानी म्हणून.

अडीच चाक

सायकलने हा रस्ता दोनदा केलाय. वेळापत्रक बांधणार नाही म्हणता ते छान, पण किनाऱ्याचं स्वतःचं वेळापत्रक आहे आणि ते तुमच्या रजेला विचारत नाही. शेवटची तर, शेवटची एसटी आणि भरती-ओहोटी, या तिन्हींपुढे कोणाचं चालत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. तवसाळच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा शेवटची तर पाण्याच्या मध्यावर होती, पलीकडे निघालेली. समोर जयगडचे दिवे इतके जवळ की मोजता येत होते. पण रस्त्याने जायचं तर शास्त्री नदीला वळसा घालून भातगावच्या पुलावरून. सायकल होती म्हणून बोंबलत का होईना जाता आलं, तुमच्याकडे तीही नसेल. तरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या आणि शेवटच्या तरीला कधीही जाऊ नका, तिच्या आधीची धरा.

भरतीचं गणित जुनं आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराला ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण किनाऱ्याने चालायला एवढं पुरतं. ओहोटीची वाळू सडकेसारखी घट्ट असते, भरतीला तुम्ही सुरूच्या बनातून पाय ओढत जाता. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, तेव्हा खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) जायचा मोह टाळा. पाणी मागून येतं.

पायी कुठे? गुहागरची पुळण सहा किलोमीटरच्या आसपास, सकाळी चालायला स्वर्ग. मालगुंड ते गणपतीपुळे सहज जमतं. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, १८६६ सालचा जन्म त्यांचा. थांबा तिथे. गणपतीपुळ्याच्या पाण्यात मात्र गुडघ्याच्या वर जाऊ नका, तिथल्या ओढीने माणसं गेलेली आहेत. सगळ्यात आवडती वाट म्हणाल तर मालवणच्या उत्तरेला तोंडवळी ते तळाशील: एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी.

जिथे चालू नये ते सडे. दोन खाड्यांच्या मधला रस्ता वर जांभ्याच्या कातळावर चढतो आणि तिथे सावलीला झाड नाही. जानेवारीतही अकरानंतर डोकं तापतं. त्या टप्प्याला मुकाट्याने एसटी धरा. अपवाद एकच, कशेळीच्या सड्यावरचा कातळात कोरलेला हत्ती. एवढा मोठा की जवळ उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा.

वऱ्हाडची चिमणी

पोफळीची बाग, "रात्र सकाळी ठरते" हे डायरीत लिहून घेतलं. पण दुपारी दोनलाच मुक्कामी पोचायचं म्हणजे दिवस अर्धा झाला की हो! आणि अडीच चाक, आमच्याकडे तिथी फक्त उपासासाठी पाहतात, तिचा असाही उपयोग असतो हे आज कळलं. रत्नागिरीच्या खाली काय ते कोणीच बोललं नाही.

खाडीपलीकडे

मी जरा विरुद्ध बोलते. एकवीस दिवसांत मांडवा ते तेरेखोल म्हणजे तुमच्या टेम्पो ट्रॅव्हलरचीच पायी आवृत्ती. शाळेत पाठ केलेला ७२० किलोमीटरचा किनारा पुरा केलाच पाहिजे असं कुठे आहे? मांडवा-अलिबाग-काशीद हा भाग मुंबईकरांच्या शनिवार-रविवारचा आहे, भाव तसे आणि गर्दीही तशी. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तर विचारूच नका. तो सरळ गाळा.

अकोल्यावरून नागपूर-मडगाव विशेष गाडी जाते, ती त्या वेळी चालू आहे का बघा. असेल तर खेडला उतरा, एसटीने दापोली गाठा आणि तिथून केळशी-आंजर्ल्यापासून सुरुवात करा. पहिले पाच दिवस हर्णैच्या आसपास काढा. तुमची ती भुवई पाच संध्याकाळी बघा, मग कळेल बोली कोणाला सुटली ते.

परतीचं म्हणाल तर कोकण रेल्वे आणि महामार्ग आत, डोंगराच्या बाजूला, किनाऱ्याला समांतर जातात. म्हणजे तुम्ही कुठेही असलात तरी आत वळलं की स्टेशन आहे: गुहागरहून चिपळूण, रत्नागिरीला रत्नागिरीच, मालवणहून कुडाळ किंवा कणकवली, शिरोड्याहून सावंतवाडी. कंटाळा आला, पाय मुरगळला, आईचा फोन आला, दोन-तीन तासांत रुळांवर. म्हणून शेवटचं एकच तिकीट काढा, सावंतवाडी किंवा कुडाळहून, आणि ते रद्द करायची मनाची तयारी ठेवा. तेवढा भुर्दंड मोकळेपणाची किंमत समजा.

रत्नागिरीच्या खाली पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग या पट्ट्यात एसटी विरळ होते. एक गाडी चुकली की दिवस गेला. तिथे दोन दिवस हातचे राखा. संध्याकाळी गावात येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे सुटणारी वस्तीची गाडी असते, तिच्या कंडक्टरशी आदल्या रात्रीच बोलून ठेवा. थांबतात ते. रोख पैसे रत्नागिरीत काढून घ्या. फोनवरून पैसे सगळीकडे घेतात, रेंज मात्र सगळीकडे नसते.

पासच्या भानगडीत पडू नका. तो चार किंवा सात दिवसांचा असतो, लांबच्या प्रवासाला परवडतो. तुम्ही रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणार, त्यात बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट.

तंबू नकोच. उधाणाच्या रात्री पाणी कुठवर येईल ते परक्या माणसाला कळत नाही, हे एक. आणि या दिवसांत वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर कासविणी रात्री अंडी घालायला वर येतात. उजेड दिसला की परत फिरतात. तुमच्या डोक्यावरच्या बॅटरीपायी एखादीने खेप वाया घालवावी असं तुम्हालाही वाटणार नाही.

वऱ्हाडची चिमणी

खाडीपलीकडे, रागवावं की पाया पडावं कळेना. रात्रभर नकाशा पुढे घेऊन बसले होते. मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंत सगळं खोडलं. जंजिरा खोडताना हात जरा अडला, पण खोडला. आता खेडला उतरायचं, हर्णैला निदान चार संध्याकाळी, आणि खाली जिथवर जमेल तिथवर. शिरोडा आलं तर आलं. तंबू भाच्याचा होता, त्याला परत केला, सॅक सात किलोवर आली.

एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता, हसू नका. आम्ही मटण खाणारी माणसं, माशाच्या काट्याची भयंकर भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

अडीच चाक

सुरमई. मधला काटा सोडला की नुसती तुकडी. पेडवे-तारलीसारखे बारीक काट्यांचे मासे शेवटच्या आठवड्यात, हात बसल्यावर.

पोफळीची बाग

मोरीचं (म्हणजे लहान शार्कचं) नाव कोणी घेतलं नाही? बारीक काटेच नाहीत तिला, आणि मसाला मटणासारखाच लागतो. वऱ्हाडी माणसाला तीच रुचेल. गुहागरात याल तेव्हा आमच्याकडे उतरा. दुपारी दोनचा आग्रह नाही, तुम्ही आता ओळखीच्या झालात. फक्त धोपाव्याला उतरायच्या दिवशी सकाळी अकराच्या आत फोन करा. मोरी बाजारातून आणायला लागते.