एफपीजीएवर लिनक्स: गरज की सवय?

मेनस्विच
नवख्यांसाठी आधी थोडक्यात. एफपीजीए म्हणजे जिच्या आतलं लॉजिक सर्किट पुन्हा पुन्हा बदलता येतं अशी चिप. २०११ साली झायलिंक्सची झिंक-७००० आली. तिच्यात हे लॉजिक आणि एआरएम कॉर्टेक्स-ए९ चे दोन कोर एकाच चिपवर. तेव्हापासून बोर्ड हातात आला की पहिलं काम ठरलेलं: पेटालिनक्सचं (झायलिंक्सच्या चिपांसाठीच्या लिनक्सचं) बिल्ड लावायचं आणि चहाला जायचं.

निम्म्या वेळा त्याची गरज नसते असं माझं मत. मोटर फिरवायची, चार सेन्सर वाचायचे, सीरियलवर आकडे पाठवायचे. एवढ्यासाठी यू-बूट (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम), डिव्हाइस ट्री (हार्डवेअरची यादी), कर्नल (लिनक्सचा गाभा), रूट फाइलसिस्टम (बाकीच्या फाइली) ही वरात कशाला? कारखान्यात संध्याकाळी कुणी मशीन 'शटडाउन' करत नाही, मेन स्विच खाली ओढतात. लिनक्स ज्यावर असतो ते एसडी कार्ड असं किती दिवस तग धरेल? बेअर मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट प्रोग्रॅम) किंवा फ्रीआरटीओएस या छोट्या रिअल-टाइम सिस्टिमवर काम भागत असेल तर तेच बरं.

सोल्डरकाकू
रूट फाइलसिस्टम रीड-ओन्ली करा, कार्डाचा प्रश्न मिटला.

आता खरा मुद्दा. आज ग्राहकाला सीरियलवर आकडे चालतात. सहा महिन्यांनी तोच म्हणतो, मोबाइलवर दिसलं पाहिजे, पासवर्ड हवा, घरबसल्या अपडेट हवा. मग बेअर मेटलवाले एकेक लायब्ररी चिकटवत बसतात आणि शेवटी एक अर्धवट ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच लिहून ठेवतात, जी दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही.

वेळेचं म्हणाल, तर काटेकोर काम लॉजिककडेच असतं. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर १० नॅनोसेकंदांची पावलं पडतात. लिनक्स पाच मिलिसेकंद उशिरा जागा झाला तरी एन्कोडरचा (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरचा) एकही पल्स चुकत नाही.

मेनस्विच
काकू, मोटरचा कंट्रोल लूप खरंच लॉजिकमध्ये असेल तर. व्हेरिलॉग (लॉजिक लिहायची भाषा) लिहायचा कंटाळा म्हणून पीआयडी (त्या लूपचं गणित) सी मध्ये, तोही युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेर, साध्या प्रोग्रॅमसारखा) लिहिणारे मी पाहिलेत. प्रीएम्प्ट-आरटी (लिनक्सला वेळ पाळायला लावणारे कर्नलमधले बदल) वापरा म्हणू नका. ते २०२४ साली ६.१२ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं खरं, पण एक्स८६, ६४ बिटांचं एआरएम आणि रिस्क-व्ही या प्रोसेसर प्रकारांसाठी. झिंक-७००० पडली ३२ बिटांची. म्हणजे ६.१२ वर पुन्हा बाहेरचा पॅच.

खोडदमार्गे
उदाहरण जवळचंच आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिच्या अद्ययावत यंत्रणेत रोच नावाचे बोर्ड आहेत: एक व्हर्टेक्स-५ एफपीजीए, शेजारी पॉवरपीसी प्रोसेसर, त्यावर लिनक्स. सिग्नल एडीसीतून (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपमधून) एफपीजीएत येतो आणि तिथूनच १० गिगाबिट इथरनेटने पुढच्या संगणकांकडे जातो. लिनक्सच्या वाटेला तो येतच नाही. लिनक्सने करायचं ते डिझाइन लोड करणं, रजिस्टर (लॉजिकमधले आकड्यांचे कप्पे) लिहिणं-वाचणं. काकूंचीच विभागणी आहे ही.

रोचसाठी बॉर्फ नावाचा बर्कलीत घडलेला लिनक्स होता. त्यात एफपीजीएचं डिझाइन ही एक चालवता येणारी फाइल. ती चालवली की तिला प्रोसेस क्रमांक मिळायचा आणि तिची रजिस्टरं 'प्रॉक' या लिनक्सच्या फोल्डरखाली साध्या फाइलींसारखी दिसायची. शेल (लिनक्सची कमांड लाइन) येणारा कुणीही हार्डवेअर तपासू शकत होता! इतकी देखणी कल्पना या क्षेत्रात दुसरी पाहिली नाही.

जुना कर्नल
देखणी होती, आणि टिकली नाही, हेही लिहा. बॉर्फचे बदल मुख्य कर्नलमध्ये कधी गेलेच नाहीत. रोच-२ वर सर्व्हर प्रोग्रॅम सरळ मेमरी मॅप करून (एफपीजीएचे पत्ते साध्या मेमरीसारखे वापरून) एफपीजीएशी बोलू लागला, खास कर्नलची गरज उरली नाही. मुख्य कर्नलमध्ये ४.४ पासून एफपीजीए मॅनेजर (डिझाइन चढवण्याची सोय) आहे, पण डिझाइनसोबत डिव्हाइस ट्रीचा तुकडा युजरस्पेसमधून चढवण्याची सोय अजून बाहेरच्या पॅचवरच.

आणि ड्रायव्हर लागलेला असताना बिटस्ट्रीम (एफपीजीएत चढवायची डिझाइनची फाइल) बदलून पाहा. उत्तर न देणारा पत्ता वाचला की प्रोसेसर आणि लॉजिक जोडणारी एएक्सआय बस अडकते, कोर ठप्प. लॉगमध्ये एक ओळसुद्धा येत नाही.

सोल्डरकाकू
बस बेअर मेटलमध्येही तशीच अडकते हो. तो दोष लिनक्सच्या माथी का? ड्रायव्हर आधी सोडवा, लॉजिकमध्ये टाइमआउट ठेवा.

रिस्कव्यसनी
तुम्ही सगळे तयार एआरएम कोर धरून बोलताय. प्रोसेसरच लॉजिकमध्ये बसवा की! लाइटएक्स (कोरभोवतीची जुळणी करणारं टूल) आणि व्हेक्सरिस्क-व्ही (मुक्त रिस्क-व्ही कोर) घेऊन ईसीपी५ या एफपीजीएवर लिनक्स बूट होतो, डिझाइन बनवायची टूलसुद्धा योसिस आणि नेक्स्टपीएनआर, म्हणजे खालपासून वरपर्यंत मुक्त. आयआयटी मद्रासचा शक्ती सी-क्लास कोरही एफपीजीएवर लिनक्स चालवतो. कंपनीच्या बंद कोरवर विसंबलात तर निऑस-२ या कोरचं झालं ते होतं. इंटेलने २०२३ साली तो बंद करत असल्याचं जाहीर केलं.

जुना कर्नल
निऑस-२ चा जीसीसी कंपायलरमधला सपोर्ट मुक्तच होता. जीसीसी १४ ने तो कालबाह्य ठरवला, १५ ने काढून टाकला. सोर्स उघडा असून उपयोग काय, राखणारा उरला नाही. (लॉजिकमध्ये बसवलेल्या सॉफ्ट कोरवरचा लिनक्स शिकायला झकास आहे. विकायच्या मालात, त्या वेगाला, मी घालणार नाही.)

मेनस्विच
नेटवर्क आलं की लिनक्स, एवढं मान्य. नसेल तिथे माझं मत कायम. पण काकू, कोटेशनमध्ये दरवर्षीच्या कर्नल अपडेटचे पैसे लावता का?

सोल्डरकाकू
लावते. एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) वेगळी ओळ असते. तुमच्या त्या बेअर मेटल लायब्ऱ्यांचे अपडेट कोण करतं?